यादी, ताट आणि शिवार : कार्याच्या जेवणात स्थानिक जिन्नस

लग्न ठरले की पूर्वी आचारी घरी यायचा. ओसरीवर बसून ‘माणसे किती?’ एवढेच विचारायचा आणि यादी सांगायला लागायचा. तांदूळ इतके, तूरडाळ इतकी, गूळ, तेलाचे डबे, नारळ, मसाल्याचा पुडा, केळीची पाने, सरपण. घरातले कोणीतरी ती वहीच्या पानावर उतरवून घ्यायचे आणि जिन्नस आणायचे काम घराचेच असायचे. आचाऱ्याची जबाबदारी चूल पेटल्यापासून पुढची. आता आपणच केटररकडे जातो. तो मेनू पुढे ठेवतो, त्यातल्या ओळींवर आपण खुणा करतो आणि तो ताटाचा दर सांगतो. तांदूळ कुठला, डाळ कुठली, हे त्याने सांगायचे नसते आणि आपण विचारायचे नसते.

अलीकडे मात्र काही जण विचारू लागले आहेत. लग्न, मुंज, साठीशांत, कंपन्यांचे मेळावे, साहित्य संमेलने अशा शेकडो-हजारोंच्या जेवणात आसपासच्या शिवारातले जिन्नस वापरावेत का, वापरता येतील का, आणि आले तर त्याने कोणाचे काय भले होईल, यावर शेतकरी संघटना, केटरर, पर्यावरणवाले आणि खाद्यसंस्कृतीचे अभ्यासक आपापल्या परीने बोलत आहेत. आढावा घ्यायचा तर मी त्या वहीच्या पानापासून सुरुवात करीन, कारण यादी कोणाच्या हातात आहे यावर जिन्नस कुठून येतो हे बरेचसे ठरते.

यादीचा काळ

जुने कार्याचे जेवण स्थानिक होते असे सरसकट म्हणतात. ते अर्धे खरे आहे. लवंग, वेलदोडे आणि दालचिनी नेहमीच लांबून येत, हिंग तर अफगाणिस्तानातून. देशावरच्या लग्नातला नारळही घाट चढूनच आलेला असे. स्थानिक होता तो जेवणाचा सांगाडा, आणि त्यामागे तत्त्वापेक्षा पंचांगाचा हात मोठा होता.

चातुर्मासात लग्ने होत नाहीत. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि खरी गर्दी वैशाखात. म्हणजे शिवारात भाजीपाला भरघोस असतो तेव्हा, पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ, लग्ने नाहीत. आणि लग्ने असतात तेव्हा कोरडवाहू मराठवाडा-विदर्भात विहिरीचा तळ दिसत असतो. त्यामुळे जुनी यादी ताज्या भाजीवर कधीच फार विसंबली नाही. डाळी, कडधान्ये, गूळ, चिंच, आमसूल, कुरडया-पापड, लोणची आणि टिकणाऱ्या भाज्या, म्हणजे लाल भोपळा, कोहळा, सुरण, यांवर ती उभी होती. खानदेशात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, पुण्याकडे मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा आणि जिलबी, सिंधुदुर्गात काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे, गोव्यात खतखते आणि मणगणे. प्रत्येक यादी त्या त्या कोठीघरातून निघालेली होती.

त्या काळाला सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. साठ-सत्तरच्या दशकांत धान्यटंचाईमुळे अनेक राज्यांत पाहुण्यांच्या संख्येवर आणि पंगतीत वाढायच्या अन्नधान्यावर सरकारी निर्बंध होते. असंख्य घरांत लग्नाचे जेवण म्हणजे वरण, भात आणि एक गोड पदार्थ, तोही उसनवारीचा. दुसरे काही परवडत नाही म्हणूनही जेवण स्थानिक असू शकते.

ताटाचा काळ

घराघरांतली माणसे कमी झाली, भावकीतल्या बायका भाज्या चिरायला बसेनाशा झाल्या, मंगल कार्यालये आणि लॉन्स आली, आणि यादीची जागा ताटाच्या दराने घेतली. पंगत उठून बुफे आला. हा बदल दिसतो त्यापेक्षा खोल आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण भाताचे.

आंबेमोहर किंवा इंद्रायणी पातेल्यातून थेट पानात वाढायचा भात आहे. गरम असताना त्याला तोड नाही. इंद्रायणी हे वाण 1987 मध्ये आंबेमोहर आणि आय. आर. 8 यांच्या संकरातून आले, आणि आंबेमोहराकडून त्याने चिकटपणाही घेतला. बुफेत भात खालून गरम ठेवलेल्या भांड्यात दोन-अडीच तास पडून असतो. तेवढ्या वेळात या तांदळांचा गोळा होतो. बासमती किंवा कोलम सुटसुटीत राहतो. म्हणून जीरा राइस आला. त्यात उत्तर भारताच्या आकर्षणाइतकाच वाटा भांड्याखालच्या ज्योतीचा आहे. पनीरचेही तसेच. त्याला हंगाम नाही, निवडणे-सोलणे नाही, तुकडे एकसारखे पडतात आणि ताटाला वजन येते.

केटररची खरेदी मार्केट यार्डातून होते. तिथे त्याला प्रतवारी केलेला माल मिळतो, पहाटे एका फोनवर मिळतो आणि मुख्य म्हणजे उधारीवर मिळतो. त्यामुळे ज्याला आपण ‘अस्सल मराठमोळे’ ताट म्हणतो त्याचा प्रवासही लांबचा असू शकतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात होते, त्यात पामतेल मोठे. तूर पिकवण्यात महाराष्ट्र आघाडीवर असला तरी म्यानमार आणि आफ्रिकेतून आलेली तूरही त्याच डाळमिलांत भरडली जाते. जिरे गुजरातचे, गहू पुष्कळदा मध्य प्रदेशचा. वाटली डाळ मराठी असते, तिच्यातल्या जिनसांचा पत्ता कोणी पाहिलेला नसतो.

‘स्थानिक’ हा शब्द

चर्चेची आजची भाषा बाहेरून आली. ‘फूड माइल्स’ ही कल्पना नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये रुळली. 2005 मध्ये कॅनडातल्या एका जोडप्याने वर्षभर शंभर मैलांच्या आत पिकलेलेच खाण्याचा प्रयोग मांडला, आणि त्यावरून जगभर वर्तुळे आखली जाऊ लागली. आपल्याकडे या विचाराला कायदेशीर आधार मिळाला तो भौगोलिक मानांकनातून. 1999 चा कायदा 2003 मध्ये अमलात आला. 2016 च्या सुमारास महाराष्ट्रातल्या पिकांची रांगच लागली : मुळशीचा आंबेमोहर, आजऱ्याचा घनसाळ, मंगळवेढ्याची ज्वारी, जळगावची भरिताची वांगी, भिवापूरची मिरची, वायगावची हळद, कोरेगावचा वाघ्या घेवडा. पुढे अलिबागचा पांढरा कांदा आला, गोव्यातून खोल्याची मिरची आली. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि त्याच वर्षी दिल्लीत जी-20 च्या राष्ट्रप्रमुखांच्या मेजवानीत वरीच्या गोडापासून मुंबईच्या पावापर्यंत सगळे वाढले गेले. तेव्हापासून सरकारी कार्यक्रमांत नाचणी-ज्वारीचा एखादा पदार्थ असणे शिष्टाचाराचा भाग होऊ लागला आहे.

पण ‘स्थानिक’ म्हणजे कुठपर्यंतचे? मुंबईत सुई रोवून शंभर मैलांचे वर्तुळ काढा. नाशिक आत येते, गुजरातमधले वापीही आत येते, रत्नागिरीचा हापूस मात्र बाहेर राहतो. गोव्याची गंमत आणखी निराळी. तिथल्या भाजीचा मोठा हिस्सा बेळगावहून येतो आणि पणजीपासून बेळगाव सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. तरी चोर्ला घाट उतरून आलेल्या कोबीला गोव्यात कोणी स्थानिक म्हणत नाही. काणकोणची मिरची, मयंड्याची केळी आणि ताळगावची वांगी हेच ‘आमचे’. म्हणजे वापरात या शब्दाचे किमान तीन अर्थ आहेत : अंतर, राज्य आणि वाण. वाद घालणारे पुष्कळदा एकमेकांशी नव्हे, तर एकमेकांच्या व्याख्येशी भांडत असतात.

पर्यावरणाची बाजू

पहिला युक्तिवाद सोपा आहे : माल जितका जवळचा तितका इंधनाचा धूर कमी. त्यावरचा सर्वांत परिचित आक्षेप 2008 मधला. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या वेबर आणि मॅथ्यूज यांनी हिशेब मांडला की तिथल्या अन्नाच्या एकूण हरितगृह वायूंमध्ये वाहतुकीचा वाटा सुमारे 11 टक्के आहे, आणि शेतापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचा अवघा 4 टक्के. बाकीचे बहुतेक शेतात आणि गोठ्यात घडते. त्यांच्या मते काय खातो हे कुठून आणतो यापेक्षा महत्त्वाचे.

ते आकडे अमेरिकन जेवणाचे आहेत, आपल्या लग्नाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी दिशा पटण्यासारखी आहे. किलोभर पनीरला पाचेक लिटर दूध लागते. ते शेजारच्या तालुक्यातले असले तरी परराज्यातून रेल्वेने आलेल्या हरभऱ्यापेक्षा त्याचा भार जास्त पडण्याचीच शक्यता. भातखाचरातून मिथेन निघतो, तो खाचर घराजवळ आहे म्हणून कमी निघत नाही.

स्थानिकवाद्यांचे उत्तर असे की धूर हे एकच माप नव्हे. वाण खाल्ले गेले तरच पेरले जाते. भिवापुरी मिरचीचे क्षेत्र जास्त उत्पन्न देणाऱ्या संकरित वाणांपुढे आक्रसत गेले, आणि मानांकन मिळाले म्हणून ते आपोआप वाढत नाही, गिऱ्हाईक लागते. राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यात गावरान बियाणे जपले, त्यासाठी त्यांना पद्मश्रीही मिळाली, पण बियाणे जपणे आणि पिकाला बाजार मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एका लग्नात हजार ताटे उठतात. वाणाला गिऱ्हाईक मिळवून द्यायला ही संख्या लहान नाही. हा मुद्दा मला धुराच्या हिशेबापेक्षा भक्कम वाटतो.

शेतकरी आणि केटरर

या चर्चेतला सर्वांत कमी लिहिला गेलेला आणि सर्वांत अवघड भाग हा आहे.

जुलै 2016 मध्ये महाराष्ट्राने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. केटररने थेट शेतावर जाऊन वांगी घ्यायला तेव्हापासून कायद्याची आडकाठी उरलेली नाही. आडत वाचते, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त, केटररला माल ताजा. कागदावर सगळे जमते. तरी थेट खरेदी थोडीच होते, आणि याचे कारण कोणाचा अप्रामाणिकपणा नाही.

हजार माणसांच्या भरिताला ढोबळमानाने दीडशे ते दोनशे किलो वांगी लागतात, कारण भाजल्यावर आणि साल काढल्यावर वजन बरेच उतरते. ती सगळी एकाच दिवशी, एकाच आकाराची हवीत, नाहीतर काही करपतात आणि काही कच्ची राहतात. एका लहान शेतकऱ्याच्या एका तोड्यात इतकी एकसारखी वांगी निघतीलच असे नाही. निघाली तरी पुढच्या तोड्याचे काय? केटररला पुढचे कार्य पंधरा दिवसांनी आहे आणि तिथे भरीत नाही, छोले आहेत. वांगे तर दर काही दिवसांनी तोडावेच लागते. शेतकऱ्याला रोजचे गिऱ्हाईक हवे, केटररला एका दिवसाचा डोंगर हवा. अडत्या नेमका या दोन वेळापत्रकांमध्ये बसलेला असतो. त्याला मधला दलाल म्हणून हिणवणे सोपे आहे, पण तो करतो ते काम कोणालातरी करावेच लागते.

दुसरी गाठ पैशाची. यजमान केटररला विसार देतो आणि उरलेली रक्कम कार्य पार पडल्यावर, कधी आहेराची पाकिटे फोडल्यावर. शेतकऱ्याला माल उचलताना रोख हवी असते. यार्डातली उधारी हे या व्यवसायाचे न लिहिलेले बँक-खाते आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या ही दरी भरून काढतील अशी आशा अनेकांना आहे. त्या पाचपन्नास शेतांतला माल एकत्र करू शकतात, प्रतवारी करू शकतात, पक्के बिल देऊ शकतात. मात्र यातल्या ज्या मोठ्या झाल्या, नाशिकची सह्याद्री हे ठळक उदाहरण, त्या निर्यात आणि प्रक्रिया यांवर वाढल्या. चाळीस किलो वाघ्या घेवडा शनिवारी रात्री कार्यालयाच्या मागच्या दाराशी पोचवणे हा त्यांच्या दृष्टीने फार किरकोळ धंदा आहे.

तिसरी गाठ हातांची. अळू, अंबाडी, फणस, केळफूल, शेवग्याचा पाला, वाल : आपल्याकडच्या बहुतेक जिनसांना निवडणे, सोलणे, चीक काढणे आहे. गोठवलेला मटार पिशवी फोडली की तयार. स्थानिक ताट महाग पडते ते पुष्कळदा मालामुळे नव्हे, तर निवडणाऱ्या बायकांच्या मजुरीमुळे. आणि ती मजुरी जिथे स्वस्त दिसते तिथे कोणाला तरी कमी दिले जात असते. सरकारी बैठकांचे आणि लहान समारंभांचे जेवण करणारे बचत गट या ठिकाणी उजवे ठरतात. शे-दीडशे माणसांपर्यंत ते उत्तम काम करतात. त्यापुढे भांडी, वाहन आणि भांडवल कमी पडते.

परवान्याचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. केटररला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि विषबाधा झाली तर माल कुठून घेतला याची चौकशी होते. यार्डातले बिल तेव्हा हाती असते. घाण्यावरच्या सुट्या तेलाचे आणि गवळ्याच्या खव्याचे बहुधा नसते. स्थानिकवादी म्हणतात, ओळखीचा माणूस हीच हमी. केटरर म्हणतात, पोलीस ठाण्यात ओळख दाखवता येत नाही.

कोणाचे स्थानिक?

चवीबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो प्रतिष्ठेचा. लांबून आणलेले ते भारी, हा समज जुना आहे. लवंग-वेलदोड्यांचा मानही त्यातूनच आला. यजमानाला ताटातून ऐपत दाखवायची असते, आणि पिठले-भाकरीने ती दिसत नाही असे बहुतेकांना वाटते. शहरी उच्च मध्यमवर्गात मात्र चक्र उलटे फिरले आहे. तिथे ‘चुलीवरची भाकरी’चा काउंटर आता पास्त्याच्या काउंटरशेजारी दिमाखात उभा असतो. गंमत अशी की त्या काउंटरवरची भाकरी करायला बाई गावाकडूनच आणलेली असते, ज्वारी कुठली हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

यापेक्षा गंभीर प्रश्न शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या पुस्तकाने उभा केला. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचे अन्न त्यांनी नोंदवले आणि ‘मराठी खाद्यसंस्कृती’ म्हणून जे मिरवले जाते त्यातून काय वगळले गेले ते दाखवले. हा मुद्दा केटरिंगला थेट लागू पडतो. ‘पारंपरिक महाराष्ट्रीय थाळी’ असे छापलेल्या मेनूत अळू, बिरडे, पुरणपोळी आणि फार तर कोल्हापुरी रस्सा असतो. जागरण-गोंधळाच्या जेवणातला बोकड गावच्या बाजारातूनच आणलेला, म्हणजे पुरता स्थानिक, पण लग्नाच्या छापील मेनूत तो सहसा नसतो. स्थानिकतेचे समर्थक यावर म्हणतात की मेनू विस्तारता येईल. टीकाकार म्हणतात की परंपरेची निवड कोण करतो हा प्रश्न विस्ताराने सुटत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

मोठ्या प्रयोगांतून काय दिसते

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या आयोजकांनी सुमारे 1 कोटी 30 लाख जेवणांसाठी 80 टक्के माल फ्रान्समधला आणि एक चतुर्थांश माल स्पर्धास्थळांपासून 250 किलोमीटरच्या आतला, असे उद्दिष्ट जाहीर केले होते. वनस्पतिजन्य पदार्थांवर भर होता. पहिल्याच दिवसांत क्रीडाग्रामात अंडी आणि मांस कमी पडल्याच्या तक्रारी आल्या आणि पुरवठा वाढवावा लागला. काहींनी याला स्थानिकतेचे अपयश म्हटले. माझ्या मते तो माणसे आणि भूक यांच्या हिशेबाचा घोळ होता, जो आपल्याकडे कुठल्याही लग्नात होतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरी : आयोजकांनी अंतर आणि टक्के आधी लिहून ठेवले, म्हणून ते तपासता तरी आले. आपल्याकडच्या ‘लोकल मेनू’त तपासण्यासारखे काही नसते.

दुसऱ्या टोकाला आपली हुरडा पार्टी. पौष-माघात गुळभेंडी किंवा सुरती ज्वारीची कणसे आगटीत भाजून, हातावर चोळून तिथल्या तिथे खायची. हुरडा कणसातून निघाल्यावर त्याची गोडी फार वेळ टिकत नाही. इथे पाहुणे शिवाराकडे जातात, शिवार पाहुण्यांकडे येत नाही, आणि तारीख ज्वारी ठरवते. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणानंतर असे कार्यक्रम वाढले. स्थानिक जिन्नस वापरणारा पैसे देऊन-घेऊन चालणारा समारंभ म्हणून हाच आपल्याकडे सर्वांत रुजलेला नमुना आहे. पण लग्नाची तारीख ज्वारीला विचारून ठरत नाही, म्हणून त्याचा विस्तार तिथेच थांबतो.

जे सुटलेले नाही

व्याख्येचा प्रश्न उघडाच आहे. मानांकनाने नावाला कुंपण घातले, पण आंबेमोहर म्हणून विकला जाणारा सगळा तांदूळ मुळशी-मावळचा नसतो आणि केटररच्या स्वयंपाकघरात ते तपासणारे कोणी नसते. वाढीव खर्च यजमानाने सोसायचा की केटररने, आणि त्यातला किती भाग शेतापर्यंत पोचतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. वैशाखातल्या लग्नाला स्थानिक भाजी म्हणजे काय, याचे उत्तर जुन्या यादीत होते : भाजी कमी, कडधान्य जास्त. आजचा पाहुणा ते स्वीकारील का, हे करून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

माझा कल विचाराल तर संपूर्ण ताट स्थानिक करण्याच्या घोषणेपेक्षा दोन-तीन जिनसांचा आग्रह मला जास्त व्यवहार्य वाटतो, आणि ते जिन्नस टिकाऊ असावेत : तांदूळ, डाळ, गूळ, हळद, मिरची. ते महिनाभर आधी घेता येतात, रोख देऊन घेता येतात, आणि यजमान स्वतः आणून केटररच्या हवाली करू शकतो. थोडक्यात, यादीतल्या चार ओळी पुन्हा घराच्या हातात.

अडचण अशी की जुन्या याद्या कशा होत्या हेच आपल्याला नीट ठाऊक नाही. पाककृतींची पुस्तके चार-सहा माणसांच्या मापाने लिहिलेली असतात. पाचशे माणसांची यादी पुस्तकात सापडत नाही, ती आचाऱ्याच्या डोक्यात आणि घरातल्या वहीत असते. तुमच्या घरी लग्नाच्या खर्चाची जुनी वही असेल, आणि तिच्यात आचाऱ्याने सांगितलेली यादी असेल, तर ते पान रद्दीत घालू नका. त्यावर गाव, वर्ष आणि माणसांची संख्या लिहून ठेवा.